व्हॉल्व्हचा छोटा गिटार अ‍ॅम्प केलाय, खर्ज गायब आहे आणि रिव्हर्बपाशी अडलोय (इंदूर)

सहावी_तार (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राहायला सुदामा नगर. दिवसा हिशेब, रात्री गिटार. गेल्या दिवाळीआधी रामबागेतलं आजोबांचं घर आवरताना माळ्यावर एक रेकॉर्ड प्लेअर मिळाला. तबकडीवरच्या रबराचा चिकट गोळा झालेला, खोक्याला वाळवी. पण आतला ईसीएल ८२ हा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असते तसली काचेची नळी) शाबूत. बाबा म्हणाले, भंगारवाल्याला दे. नाही दिला. तिथून हे खूळ सुरू झालं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ईसीएल ८२ म्हणजे एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह, एक ट्रायोड (बारीक सिग्नल वाढवणारा) आणि एक पॉवर पेंटोड (स्पीकर हलवणारा). जेमतेम साडेतीन वॉट निघतात. फ्लॅटमध्ये तेवढे शेजारी दार वाजवायला पुरतात. माझा आराखडा असा: गिटार आधी ईसीसी ८३ च्या (एका काचेत दोन ट्रायोड) एका अर्ध्यात, मग व्हॉल्यूम. तिथून दोन वाटा. एक सरळ पुढे, दुसरी ईसीसी ८१ मध्ये, जो रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) स्प्रिंगा हलवणार. स्प्रिंगांतून परत आलेला बारीक सिग्नल ईसीएल ८२ चा ट्रायोड उचलणार, दोन्ही वाटा ईसीसी ८३ च्या दुसऱ्या अर्ध्यात एकत्र येणार आणि शेवटी पेंटोड. तीन बाटल्यांत काम तमाम.

झालेलं काम: दोन मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा सियागंजात वाकवून आणला. पॉवर ट्रान्सफॉर्मर महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत एका स्टॅबिलायझरवाल्याकडून भरून घेतला, १८० व्होल्ट १०० मिलिअँपिअर आणि ६.३ व्होल्ट २ अँपिअर. चार डायोडचा ब्रिज, ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, लोडवर २४० व्होल्ट डीसी. पेंटोड आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही त्याच्याकडूनच. रिव्हर्ब सोडून बाकी सगळं वाजतंय.

वाजतंय म्हणजे आवाज येतोय, इतकंच. खालच्या दोन तारा छेडल्या की पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं ऐकू येतं. स्पीकर बदलून पाहिला, तेच. दुसरं म्हणजे रिव्हर्बचा टँक (स्प्रिंगांचा डबा) बाहेरून मागवलाय, पण तो हलवायला जो चिमुकला ट्रान्सफॉर्मर लागतो त्याचं नाव काढलं की दुकानदार मोबाइलचा चार्जर दाखवतो. मार्ग सुचवा.

टवाळ_टोणपा

फोटोशिवाय धागा म्हणजे शेवेशिवाय पोहे.

निनाद_कोथरूड

हौसेला मोल नाही हे मान्य. पण एवढ्या उपद्व्यापात एक बरा मॉडेलिंग पेडल आला असता, त्यात वीस अ‍ॅम्प आणि दहा तऱ्हेचे रिव्हर्ब. वर शॉक बसायची भीती नाही. पटलं नाही तर सोडून द्या, वाद घालायचा नाहीये.

सहावी_तार

निनाद, पेडल आहे माझ्याकडे. त्याला वाळवी लागत नाही म्हणून मजा येत नाही.

कावेरी_बडोदे

धागा छान, पण आधी एक विचारते. त्या २४० व्होल्टवर ब्लीडर आहे का? नसेल तर प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेलेच राहतात. १०० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर पहिल्या कंडेन्सरला कायमचा आडवा लाव. तुझ्याकडे सगळे मिळून ९०-१०० मायक्रोफॅरड असतील, तर पाऊण मिनिटात उतरतात. तरी मीटरने पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करायची मर्दुमकी नको.

वाचणाऱ्यांनाही सांगते: जुन्या रेडिओत यूसीएल ८२ दिसला तर तो "त्याचाच भाऊ" समजून सांगाडा जसाच्या तसा वापरू नका. त्याचं फिलामेंट (आतली तापणारी तार) ५० व्होल्टचं असतं, म्हणजे फिलामेंटांची माळ थेट मेन्सवर आणि बरेचदा चॅसिसही मेन्सच्याच एका वायरवर. अशा चॅसिसला गिटारची केबल जोडली की लोखंडी तारांना हात लावून तुम्ही उभे. मेन्सपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर आणि तीन पिनांचं खरं अर्थिंग, यात तडजोड नाही.

सहावी_तार

कावेरीताई, ब्लीडर नव्हता. आत्ता लावला. अर्थिंग आहे, चॅसिसला वेगळ्या बोल्टने.

अण्णा_लष्करवाले

उशिरा पाहिला धागा. ग्वाल्हेरला पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, आता डोळे साथ देत नाहीत, कान देतात.

बाळा, तुझ्या त्या माणसानं आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या कशा घातल्या? एक ई (इंग्रजी ई आकाराची पट्टी) इकडून, दुसरी तिकडून, अशा उलटसुलट? तसं असेल तर खर्ज तिथेच मेला. त्याची चूक नाही. स्टॅबिलायझरमध्ये तसंच घालतात, कारण तिथे करंट दोन्हीकडे सारखा धावतो. तुझ्या अ‍ॅम्पात एकच पेंटोड, त्याचा चाळीसेक मिलिअँपिअर डीसी प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून) चोवीस तास एकाच दिशेनं वाहतो. तू गिटार हातात घ्यायच्या आधीच लोखंड चुंबकानं तुडुंब भरलेलं. मग खर्ज मावणार कुठे? उंच स्वरांना लोखंड फार लागत नाही, ते निसटतात, म्हणून तुला वाटाणे ऐकू येतात.

इलाज: सगळ्या ई एका बाजूनं, सगळ्या आय दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये कागद. दशांश मिलिमीटर जाडीचा बस. पेच आवळताना कागद सरकू द्यायचा नाही. मग वार्निश.

भरताना हेही सांग. पाच हजार ओहमला आठ ओहम हवेत म्हणजे फेऱ्या पंचवीसास एक (पंचवीसचा वर्ग सव्वासहाशे, आठ सव्वासहाशे पाच हजार). मधली जीभ एक इंचाची, थप्पीही एक इंचाची असेल तर ३६ गेजच्या ३००० फेऱ्या आणि जाड तारेच्या १२०. पण ३००० एका दमात नाही. आधी १५००, मग सगळी सेकंडरी (स्पीकरकडची जाड तार), वर उरलेल्या १५००. असं सँडविच केलं नाही तर वरचे स्वर पिठूळ होतात. दर थराला कागद.

आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करायचा नाही, कधीच नाही. प्रायमरीत उलट झटका बसतो आणि वाइंडिंग आतल्या आत फुटतं.

टवाळ_टोणपा

अण्णांना साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

सहावी_तार

अण्णा, शनिवारी सकाळी गेलो त्याच्याकडे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, फेऱ्या मोजायला सायकलच्या चाकाला असतो तसला आकड्यांचा काउंटर, कोपऱ्यात वार्निशचा डबा आणि त्या डब्याशेजारीच चहाचा ग्लास. मी ट्रान्सफॉर्मर पुढे केला, पट्ट्या दाखवल्या. उलटसुलट! तुम्ही म्हणालात तसंच.

कागद म्हटल्यावर तो हसला. "भिया, गैप छोड़ोगे तो ये गाएगा." मी म्हटलं, गाण्यासाठीच आहे. त्यावर त्यानं काही न बोलता चाकू घेतला आणि वार्निश खरवडायला लागला. जुन्या फेऱ्या २२०० च निघाल्या, मला ३००० सांगितल्या होत्या. "तार खतम हो गया था." असो. यावेळी मी काउंटरसमोर बसूनच राहिलो. दीड हजार झाल्या की तो मान वर करायचा, मी मान हलवायचो.

कागदाचं असं झालं, की दशांश मिलिमीटर मोजणार कशानं? शेजारच्या वर्कशॉपातून व्हर्नियर आणला, बटर पेपरचे दहा तुकडे एकावर एक धरले, अर्धा मिलिमीटर भरले. म्हणजे एक कागद ०.०५. दोन घातले.

रात्री जोडलं. खालची मोकळी ई तार छेडली आणि टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला. हाच अ‍ॅम्प, हाच स्पीकर. मी नुसता तोच एक स्वर दहा मिनिटं वाजवत बसलो. आई येऊन विचारून गेली, बाकीच्या तारा तुटल्या का.

कावेरी_बडोदे

मस्त! आता पेंटोडच्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) किती व्होल्ट आहेत आणि रेझिस्टर किती ते सांग.

सहावी_तार

३९० ओहम, १७ व्होल्ट. प्लेटवर (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या टोकावर) २२५.

कावेरी_बडोदे

१७ भागिले ३९०, साधारण ४३.५ मिलिअँपिअर. त्यातले सातेक स्क्रीनचे (मधल्या जाळीचे), प्लेटचे ३६ धर. प्लेट ते कॅथोड २०८ व्होल्ट. म्हणजे साडेसात वॉट. ईसीएल ८२ च्या पेंटोडची मर्यादा ७. आजोबांचा व्हॉल्व्ह आहे, हळूहळू भाजू नकोस. ४७० ओहम घाल, साडेअठराच्या आसपास व्होल्ट येतील आणि प्लेट सातच्या आत बसेल. आवाजात फरक कळणारही नाही.

भिया_इंदोरी

मराठी जरा कच्ची आहे, समजून घ्या. रिव्हर्बच्या ट्रान्सफॉर्मरसाठी सांगतो. शाळा, मंदिर, स्टेशनवर भिंतीला जे लांबट कॉलम स्पीकर असतात ना, त्यांच्यात १०० व्होल्ट लाइनचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्यावर वॉटचे टॅप असतात. अर्ध्या वॉटचा टॅप म्हणजे शंभरचा वर्ग दहा हजार भागिले अर्धा, २० हजार ओहम. दुसऱ्या बाजूला ८ ओहम. फेंडरवाले (अमेरिकेची गिटार-अ‍ॅम्पची कंपनी) जो लावतात तो पण वीस-पंचवीस हजाराच्याच घरात. साउंडवाल्यांकडे जळालेल्या स्पीकरमधून निघालेले पडलेले असतात. गणपतीनंतर गेलास तर ढिगानं, झांकीच्या (विसर्जनाच्या मिरवणुकीच्या) रात्री अर्धे स्पीकर फुकतातच.

अण्णा_लष्करवाले

पोरगा हुशार आहे. फक्त एक. तो १०० व्होल्ट लाइनसाठी बनलाय, तू त्याला २४० व्होल्ट डीसीवर टांगणार. आधी प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधलं इन्सुलेशन मेगरवर बघून घे, ५०० व्होल्टवर. ओल लागलेला असेल तर फेकून दे. गॅप नसेल त्यात, पण तुला इथे खर्ज नकोच आहे. स्प्रिंगांना खर्ज दिला की चिखल होतो. ईसीसी ८१ च्या ग्रिडआधीचा (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीआधीचा) कंडेन्सर छोटा ठेव, ५०० पिकोफॅरडच्या आसपास.

आणि नवीन जोडणी पहिल्यांदा चालू करताना मेन्सला सिरीज बल्ब लाव. ६० वॉटचा, तारेचा. एलईडी नाही चालत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

सहावी_तार

६० वॉटचा तारेचा बल्ब शोधायला चार दुकानं फिरलो. चौथ्यानं देवघरातला काढून दिला.

निनाद_कोथरूड

मी वाद घालणार नाही म्हटलं होतं, पण वाचतोय रोज. थोडी इतिहासाची भर घालतो, अवांतर वाटलं तर क्षमस्व.

स्प्रिंगची कल्पना मुळात संगीतासाठी नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये लांबच्या टेलिफोन लाइनवर आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत पाहायला स्प्रिंगा वापरत. हॅमंडनं ती युक्ती उचलली ती ऑर्गनसाठी. घराच्या कार्पेट घातलेल्या दिवाणखान्यात ऑर्गनला चर्चचा घुमारा कुठून येणार, तो स्प्रिंगांतून आणला. फेंडरनं १९६१ मध्ये गिटारसाठी वेगळी रिव्हर्बची पेटी काढली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये ती पहिल्यांदा अ‍ॅम्पच्या आत घातली. तोवर फेंडर वाजवणारे एका हातात अ‍ॅम्प, दुसऱ्या हातात पेटी घेऊन फिरत होते.

धागाकर्त्या, तुझ्या टँकवर नंबर काय आहे?

सहावी_तार

४एबी३सी१बी.

निनाद_कोथरूड

मग बरोब्बर. ४ म्हणजे लांब, चार स्प्रिंगांचा. ए म्हणजे इनपुट ८ ओहम, म्हणून तुझा लाइन ट्रान्सफॉर्मर जुळतो. बी म्हणजे आउटपुट २२५० ओहम. ३ म्हणजे लांब घुमारा. सी म्हणजे इनपुट चॅसिसपासून सुटा, आउटपुट चॅसिसला जोडलेला. शेवटचा बी म्हणजे आडवा, उघडी बाजू खाली ठेवून बसवायचा. ऑर्डर करताना लोक इनपुटच्या अक्षराकडे बघत नाहीत आणि मग रिव्हर्ब येत नाही म्हणून रडतात.

टवाळ_टोणपा

मी कॉलेजात असताना बॉलपेनच्या स्प्रिंगा जोडून, एका टोकाला जुन्या रेडिओचा स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला घड्याळातला पिझो बझर चिकटवून रिव्हर्ब केला होता. आवाज घागरीत तोंड घालून रडल्यासारखा यायचा. मित्रांनी मागणी करून बंद करायला लावला.

सहावी_तार

मंडळी, वाईट बातमी. रिव्हर्ब लागला. ईसीसी ८१ च्या कॅथोडला १ किलोओहम, त्यावर साडेतीन व्होल्ट, म्हणजे साडेतीन मिलिअँपिअर, सगळं हिशेबात. पहिल्या रात्री टँकच्या केबली उलट लावल्या होत्या त्यामुळे काहीच ऐकू येईना, ते कळायला दीड तास. सुलट लावल्यावर रिव्हर्ब आला आणि त्याच्यासोबत गुणगुण. साधी नाही, घरात भला मोठा भुंगा शिरल्यासारखी. तीन आठवडे झाले. फिलामेंटच्या वायरी पुन्हा पिळल्या, शिल्डेड केबल बदलली, अर्थ सगळे एका बिंदूला आणले, कंडेन्सर दुप्पट केले. भुंगा आहे तिथेच. वैतागलोय, टँक काढून टाकावा म्हणतो.

कावेरी_बडोदे

थांब. एका वेळी चार गोष्टी बदलल्यास तर कळणार काय? आधी भुंग्याचा स्वर ओळखू. मोबाइलवरचा गिटारचा ट्यूनर स्पीकरसमोर धर. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी ९८ हर्ट्झ असतो. भुंगा त्याच्या किंचित वर असेल तर तो १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायर आणि फिल्टरच्या वाटेनं येतोय. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५०, म्हणजे फिलामेंट किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र.

सहावी_तार

ट्यूनर जी दाखवतोय, जरा चढा. सप्तक खालचं. ५०.

कावेरी_बडोदे

मग कंडेन्सर दुप्पट केलेस ते वाया. आता रिव्हर्बचं बटण शून्यावर ने. भुंगा जातो?

सहावी_तार

पूर्ण जातो.

कावेरी_बडोदे

म्हणजे पेंटोड, ईसीसी ८३, सगळे निर्दोष. उरले ट्रायोड आणि टँक. अ‍ॅम्प बंद कर, टँककडून येणारी केबल काढ, त्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकं शॉर्ट केलेला प्लग घाल, चालू कर, रिव्हर्बचं बटण पूर्ण.

सहावी_तार

स्मशानशांतता.

अण्णा_लष्करवाले

टँक पेटीत कुठे आहे?

सहावी_तार

तळाला, आडवा. चॅसिस वर आहे.

अण्णा_लष्करवाले

आउटपुटचं टोक कोणत्या बाजूला? पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या खाली ना? केबल न काढता टँक पेटीबाहेर घे, हातात धर आणि अ‍ॅम्प चालू असताना त्याला घेऊन जरा फिर. चॅसिसच्या आत हात नको.

सहावी_तार

अण्णा!! टँक कडेवरच्या बाळासारखा धरून उभा होतो. ट्रान्सफॉर्मरजवळ नेला की भुंगा खवळतो, दोन हात लांब नेला की झोपतो. तिथेच उभं राहून नुसता टोकं बदलून फिरवला तरी निम्म्याहून कमी. पेटीतला टँक उलटा फिरवून बसवला, इनपुट ट्रान्सफॉर्मरकडे, आउटपुट दुसऱ्या टोकाला. आता रिव्हर्ब पूर्ण उघडला तरच, कान स्पीकरला लावून, बारीक काहीतरी. तीन आठवड्यांचा रोग, चार स्क्रूंचं औषध.

कावेरी_बडोदे

त्या टोकाला शेकडो फेऱ्यांचं कॉइल असतं, मायक्रोफोनसारखंच. त्याला स्प्रिंग हलली काय आणि तुझ्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र हललं काय, सारखंच. उरलेलं बारीक घालवायचं असेल तर फिलामेंटच्या दोन्ही वायरींवर १००-१०० ओहम लावून त्यांचा मधला बिंदू अर्थऐवजी पेंटोडच्या कॅथोडला जोड. तिथे तुझे साडेअठरा व्होल्ट फुकट आहेतच.

सहावी_तार

ताई, केलं. ते बारीकही गेलं. स्पीकर साउंडवाल्याकडचा दहा इंची घेतला, ९६ डेसिबलचा. साडेतीन वॉटला कोणी हसू नये, काल खालच्या मजल्यावरून फर्माइश आली. रिव्हर्ब तीनवर ठेवून मोकळा ए मायनर छेडला की स्वर खोलीच्या भिंतीपलीकडे जाऊन परत येतो. निनाद, तुझ्या दहा तऱ्हांपैकी एकही असा येत नाही, खोटं बोलत असेन तर शेव-जलेबी माझ्याकडून.

एकच राहिलंय. वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळी खलबत्ता चालवतात, तेव्हा टँकमध्ये ढग गडगडतात.

निनाद_कोथरूड

त्या ट्रान्सफॉर्मरवाल्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. बाकी जलेबी तुझ्याकडूनच.

अण्णा_लष्करवाले

टँक लाकडावर थेट आवळलास ना? चारही स्क्रूंखाली स्पंज घाल, स्क्रू सैल ठेव. आतल्या स्प्रिंगांना बोट लावू नकोस. आणि ईसीएल ८२ चा एक जोड घेऊन ठेव, माझ्याकडे दोन आहेत, बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे), डबीसकट. ग्वाल्हेरला आलास की घेऊन जा.

सहावी_तार

येतो अण्णा, पुढच्या महिन्यात लग्न आहे तिकडे. आईचा भांडी घासायचा नवा स्पंज चार तुकडे करून लावला. गडगडाट थांबलाय. आई स्पंज शोधतेय.

टवाळ_टोणपा

फोटो??